‘जिणं आमुचं’मधील ‘आम्ही’ : निवेदक, समूह आणि मौन

१९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले आणि पुढील दहा वर्षांत मराठी आत्मपर गद्याची दिशाच बदलली. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही दलित आणि भटक्या-विमुक्त समाजांतील लेखकांची पुस्तके एकामागून एक आली. त्यांच्यावर मराठीत विपुल लिहिले गेले. मात्र त्या लेखनाचा रोख प्रामुख्याने ‘काय सांगितले’ याकडे राहिला. ‘कसे सांगितले’ हा प्रश्न निघालाच, तर तो तक्रारीच्या सुरात निघाला. बांधणी सैल आहे, प्रसंगांची पुनरावृत्ती होते, काळाचा क्रम पाळला जात नाही, निवेदकाचे व्यक्तिमत्त्व उलगडत नाही, अशा त्या तक्रारी होत. आशयाला दाद द्यायची आणि घाटाला माफी करायची, असा हा व्यवहार दिसतो. तो वरकरणी उदार आहे. प्रत्यक्षात तो लेखकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतो आणि कलावंत म्हणून त्याने घेतलेल्या निर्णयांची दखल घेण्याचे टाळतो.

या व्यवहाराचा सर्वांत मोठा फटका बेबी कांबळे (१९२९–२०१२) यांच्या ‘जिणं आमुचं’ या पुस्तकाला बसला आहे. पदवी वर्गांत ते शिकवले जाते तेव्हा ‘दलित स्त्रीचे दुःख’ किंवा ‘महार समाजातील रूढी व परंपरा’ अशा ठरावीक प्रश्नांच्या उत्तरांसाठी त्यातील उतारे वेचले जातात. पुस्तक जणू माहितीचे कोठार आहे आणि ते कोणी, कोणत्या स्थानावरून, कोणाला उद्देशून रचले याला महत्त्व नाही, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या पुस्तकातील एका शब्दाकडे लक्ष वेधावयाचे आहे. तो शब्द ‘आम्ही’. पुस्तकाच्या घाटाविषयीच्या बहुतेक सर्व तक्रारींचे उत्तर या सर्वनामात सापडते, आणि पुस्तकाने दिलेली किंमतही याच सर्वनामात दडलेली आहे.

आत्मचरित्राचा करार आणि ‘बलुतं’ने केलेला बदल

फ्रेंच समीक्षक फिलिप लेजून यांनी १९७५ साली आत्मचरित्राची जी मांडणी केली, तीत लेखक, निवेदक आणि नायक हे तिघे एकच असणे ही मूळ अट आहे. मुखपृष्ठावरचे नाव आणि आतला ‘मी’ एकच आहेत, असा लेखकाचा वाचकाशी एक अलिखित करार असतो. या कराराच्या मुळाशी एक सामाजिक गृहीतकही आहे. ज्याला स्वतःचे नाव, स्वतःचा खासगी इतिहास आणि तो सांगण्याचा अधिकार आहे, असा माणूस अगोदरच अस्तित्वात आहे, हे ते गृहीतक होय.

‘बलुतं’ने हा करार पहिल्याच पानांत मोडला. तेथे दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो, लिहितो. गावकुसाबाहेर वाढलेला दगडू आणि शहरातला, कवी म्हणून नाव मिळवलेला दया एकाच देहात आहेत. तरी पुस्तकाला ते दोघे एक मानता येत नाहीत. ज्याने भोगले त्याच्याकडे भाषा नव्हती आणि ज्याच्याकडे भाषा आली तो भोगापासून दूर सरकला, ही फट झाकण्याऐवजी पवारांनी तिलाच पुस्तकाची चौकट केले. या चौकटीला निव्वळ क्लृप्ती म्हणणे अन्यायाचे ठरेल. शिक्षणाने दलित समाजात पहिल्या पिढीचा जो मध्यमवर्ग घडवला, त्याचे आतले दुभंगलेपण त्या चौकटीत जसे उतरले, तसे कोणत्याही विवेचनात उतरले नसते.

पवारांनी एका माणसाचे दोन केले. बेबी कांबळे यांनी त्याच्या उलट दिशेने जाऊन अनेकांचे एक केले. त्यांच्या पुस्तकाचा मोठा भाग ‘मी’शिवाय चालतो. निवेदिका स्वतंत्र व्यक्ती म्हणून ठळकपणे समोर येते ती बऱ्याच उशिरा, आणि आल्यावरही फार वेळ थांबत नाही. आत्मचरित्राच्या कराराने पाहिले तर हा दोष ठरेल. मात्र तो करार येथे लागू करावा काय, हाच मुळात प्रश्न आहे.

‘आम्ही’ आणि ‘आपण’

मराठीत उत्तम पुरुषाचे अनेकवचन दोन प्रकारचे आहे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’ म्हटले की त्याला सामावून घेतले जाते. ‘आम्ही जेवलो’ आणि ‘आपण जेवलो’ यांतला फरक मराठी मूल व्याकरण शिकण्यापूर्वीच जाणते. हिंदीतील ‘हम’ किंवा इंग्रजीतील ‘वी’ या सर्वनामांना हा भेद दाखवता येत नाही. मराठी लेखक जेव्हा ‘आम्ही’ लिहितो, तेव्हा त्याने एक कुंपण घातलेले असते, आणि वाचक त्या कुंपणाच्या आत आहे की बाहेर, हे आपोआप ठरते.

‘जिणं आमुचं’ या शीर्षकातील ‘आमुचं’ हे रूप या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. रोजच्या बोलण्यात ‘आमचं’ म्हटले जाते. ‘आमुचा’, ‘आमुची’ ही रूपे ओव्या, अभंग आणि गाणी यांच्या वळणाची आहेत. त्याच्या शेजारी ‘जिणं’ हा अगदी घरगुती शब्द आहे. ‘जीवन’ नाही, ‘आयुष्य’ नाही. जगणे जसे रेटले जाते तसे रेटलेले, ते जिणं. गाण्याचे सर्वनाम आणि चुलीजवळचे नाम एकत्र आणणारे हे शीर्षक पुस्तकाचा सगळा स्वर सांगून जाते.

हे पुस्तक ग्रंथरूपाने १९८६ साली आले. त्यापूर्वी १९८२ च्या सुमारास ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले होते. या तपशिलाला महत्त्व आहे. किर्लोस्कर परिवाराच्या या मासिकाचा वाचकवर्ग मुख्यतः पांढरपेशा, सुशिक्षित स्त्रियांचा होता. त्या वाचक म्हणून ‘आम्ही’च्या कुंपणाबाहेर उभ्या होत्या. पुस्तकात फलटणच्या ब्राह्मण आळीत सरपणाच्या मोळ्या विकायला जाणाऱ्या महार बायांचे वर्णन आहे. लाकडाला एखादा केस किंवा धागा चिकटून राहिला तर घर बाटेल, म्हणून मोळी नीट पाहून घ्यायला त्यांना बजावले जाते. ‘स्त्री’च्या अनेक वाचकांच्या आज्या अशाच एखाद्या अंगणात उभ्या राहिल्या असतील. आता त्या अंगणाकडे मोळी घेऊन आलेल्या बाईच्या डोळ्यांनी पाहण्याची पाळी त्यांच्या नातींवर आली. ‘स्त्री’ या नावाखाली सर्व बायकांचे एकच ‘आपण’ असू शकते, ही मासिकाची जी भूमिका, तिला त्याच मासिकाच्या पानांतून ‘आम्ही’ने दिलेला हा शांत छेद होता.

स्त्रियांच्या आत्मपर लेखनातील अनेकवचन

बेबीताईंचे ‘आम्ही’ किती वेगळे आहे, हे कळण्यासाठी मराठी स्त्रियांच्या आत्मपर लेखनात थोडे मागे जावे लागते. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे नाव ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ असे आहे. त्याला गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना होती. शीर्षकातील ‘आमच्या’ हे पतिपत्नींचे अनेकवचन आहे, परंतु त्यातील दोघांचे वजन सारखे नाही. पुस्तकाचा केंद्रबिंदू न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आहेत, आणि रमाबाई त्यांचा उल्लेख नाव न घेता ‘स्वतः’ असा करतात. पत्नीच्या आठवणींच्या पुस्तकात ‘स्वतः’ हा शब्द पतीसाठी राखून ठेवलेला असावा, यापेक्षा त्या काळाच्या कुटुंबव्यवस्थेवरचे बोलके भाष्य शोधूनही सापडणार नाही. या पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतरालाही पुढे याच शब्दाचे नाव मिळाले. तरीही रमाबाईंना कमी लेखण्याचे कारण नाही. इंग्रजी शिकल्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा झालेला जाच आणि पतीने अबोल्याने दिलेली शिक्षा त्यांनी ज्या बारकाव्याने नोंदवली आहे, त्या नोंदींत दबलेला ‘मी’ स्पष्ट दिसतो. तो शीर्षकात मात्र येऊ शकला नाही.

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये (पहिला भाग १९३४) हा ‘मी’ मोकळा झाला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट लक्ष्मीबाई ज्या विनोदी अलिप्ततेने सांगतात, ती मराठी गद्यात अपूर्व आहे. नवऱ्याला ‘टिळक’ म्हणून त्यांच्या लहरींवर हसण्याची सोय त्यांना होती. ती त्यांनी पुरेपूर वापरली.

या दोन्ही पुस्तकांत अनेकवचन आणि एकवचन यांचा झगडा घराच्या चौकटीत आहे. ‘आमच्या’ म्हणजे कुटुंब, आणि ‘मी’ म्हणजे त्या कुटुंबात स्वतःची जागा शोधणारी स्त्री. रमाबाईंच्या हातात हे अनेकवचन आक्रसून पतीपाशी येऊन थांबते. बेबीताईंच्या हातात तेच सर्वनाम घराबाहेर पडून महारवाड्याएवढे होते. वाढले तरी ते निर्धास्त झाले असे मात्र म्हणता येत नाही.

रीतिभूतकाळाचा घाट

‘जिणं आमुचं’चा पूर्वार्ध वीरगावच्या महारवाड्यात घडतो. ‘घडतो’ हे क्रियापदही येथे नेमके नाही, कारण एकदाच घडलेल्या घटना या भागात कमी आहेत. आषाढ आला की काय व्हायचे, अंगात यायचे तेव्हा बाया कशा घुमायच्या, येसकराची काठी घेऊन महार कसा ताठ चालायचा, बाळंतिणीच्या पोटात अन्न नसले की काय व्हायचे, अशा व्यवहारांचे हे वर्णन आहे. मराठी व्याकरणात ज्याला रीतिभूतकाळ म्हणतात, तो या भागाचा प्रधान काळ आहे. ‘केले’ यापेक्षा ‘करायचे’, ‘आला’ यापेक्षा ‘यायचा’. समीक्षेला जी पुनरावृत्ती वाटते ती या काळाची गरज आहे. ज्या समाजाचा वेळ वतनाच्या कामांनी, सणांनी आणि उपासमारीने ठरतो, त्याच्या वाट्याला ‘एके दिवशी’ असे सुरू होणारे प्रसंग कमी येतात. कादंबरीला कथानकासाठी निर्णय घेऊ शकणारा माणूस लागतो. येथे निर्णय घेण्याची मुभाच नाही, मग कथानक कुठून येणार?

या वर्णनांतील स्वर मोठा गुंतागुंतीचा आहे. येसकराच्या काठीचा रुबाब सांगताना निवेदिका त्या काठीच्या मानाला हसते. बावन हक्कांच्या मोठेपणाने महाराला गावचा चाकर ठेवले, हे ती जाणते. देवाच्या नावाने चालणाऱ्या सोहळ्यांकडे ती अशाच नजरेने पाहते. आंबेडकरी विचार स्वीकारलेली ही स्त्री अंधश्रद्धेवर कोरडे ओढते, परंतु वर्षभर राबणाऱ्या, उपाशी बायांना देवी अंगात आल्यावर मिळणारा मान हा त्यांच्या वाट्याचा एकमेव मान होता, हेही तिच्या लेखणीतून निसटत नाही. हे दुहेरी पाहणे ‘आम्ही’मुळे शक्य होते. बाहेरचा निरीक्षक हसला असता तर ती टवाळी झाली असती, आणि केवळ आतला माणूस रडला असता तर ती गोंजारणूक झाली असती. ‘आम्ही’ म्हणणाऱ्याला स्वतःच्या माणसांवर रागावण्याचा अधिकार असतो, आणि बेबीताई तो सढळ हाताने वापरतात.

पुढे हेच सर्वनाम आपला आशय बदलते. फलटणच्या शाळेत महार मुलींना वेगळे बसवले जाते आणि सवर्ण मुलींशी त्यांची भांडणे होतात. येथील ‘आम्ही’ म्हणजे दहाबारा पोरींची टोळी आहे. तिला आवाज आहे, खोड्या आहेत, उलट उत्तरे आहेत. रीतिभूतकाळ मागे पडून ‘एकदा असे झाले’ असे सांगण्याजोगे प्रसंग येऊ लागतात. पुस्तकाचा वेग येथे वाढतो, याचे कारण लेखिकेचे कौशल्य जसे आहे, तसेच इतिहासही आहे. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३५ ची येवल्याची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेले धम्मपरिवर्तन या दरम्यान महारवाड्याच्या जगण्यात ‘घटना’ नावाची गोष्ट शिरली. जेजुरीला आलेल्या बाबासाहेबांनी मुलांना शाळेत घालण्याबद्दल केलेल्या भाषणाचा पुस्तकात आलेला प्रसंग या दृष्टीने कळीचा आहे. खंडोबाच्या जत्रेचे जे ठिकाण रीतिभूतकाळाचे माहेर, तेथेच त्या काळाला पहिला तडा जातो. चळवळ सुरू झाली की निवेदनाचा काळ बदलतो. घाट आणि सांस्कृतिक संदर्भ यांचा संबंध याहून ठोस स्वरूपात दाखवता येणे कठीण आहे.

शेवटाकडे ‘आम्ही’ पुन्हा फुटते. शिकून साहेब झालेले, वस्तीकडे पाठ फिरवलेले लोक ‘ते’ होतात. बाबासाहेबांच्या पुण्याईवर खुर्ची मिळवून त्यांनाच विसरणाऱ्यांवर बेबीताईंनी ओढलेले ताशेरे वाचताना लक्षात येते की, हे पुस्तक जितके ‘स्त्री’च्या वाचकांसाठी होते, तितकेच, किंबहुना अधिक, स्वतःच्या माणसांसाठी होते. कुंपण आतूनच बदलत होते. ‘बलुतं’च्या चौकटीत दगडूपासून दूर गेलेला जो दया आहे, त्याला बेबीताईंनी येथे वस्तीच्या बाजूने पाहिले, असेही म्हणता येईल.

‘आम्ही’मध्ये न मावलेले

आता या सर्वनामाच्या किमतीकडे वळणे आवश्यक आहे. पुस्तकात सुनांचे हाल आहेत. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा आहे. संशयावरून कापलेली नाके आहेत. दुसऱ्यांची गुलामी करणाऱ्यांनी आपल्या घरात सून नावाचा गुलाम शोधला, हा विचार लेखिकेने कोणतीही भीड न ठेवता मांडला आहे. जातीचा जाच सांगताना जातीतल्या पुरुषांचा आणि सासवांचा जाच झाकून ठेवण्याची पळवाट त्यांनी घेतली नाही. १९८० च्या दशकात हे धाडसाचे होते. ‘बलुतं’वर समाजातूनच नाराजी उमटली होती. आपल्या घरातली घाण चव्हाट्यावर आणली, असा त्या नाराजीचा सूर होता.

तथापि, या साऱ्या वर्णनांत मार खाणारी स्त्री ‘ती’ किंवा ‘त्या’ आहे. निवेदिकेच्या स्वतःच्या संसारातील मारहाण पुस्तकात जवळजवळ नाही. माया पंडित यांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २००८ साली निघाला. त्याला जोडलेल्या मुलाखतीत बेबीताईंनी पतीच्या संशयाविषयी आणि मारहाणीविषयी स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. दुकानात बसून, घरच्यांच्या नजरेआड आपण लिहीत होतो आणि कागद वर्षानुवर्षे लपवून ठेवत होतो, हेही त्या सांगतात. फलटणला राहणाऱ्या विदुषी मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते कागद बाहेर आले. म्हणजे ज्या स्त्रीला लिहितानाही लपावे लागले, तिने लपण्याचे कारण पुस्तकात लिहिले नाही.

या मौनाचा अर्थ कसा लावावयाचा? एक सोपे उत्तर असे की, समूहाच्या ‘आम्ही’ने स्त्रीच्या ‘मी’चा बळी घेतला. चळवळीच्या निष्ठेने घरातला अन्याय गिळायला लावला. या उत्तरात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. नाक कापलेल्या त्या अनाम सुनांची वर्णने पुन्हा वाचली, तर त्यांत ऐकीव वृत्तान्ताचा थंडपणा मुळीच जाणवत नाही. संशय घेणारा नवरा, त्याला चिथावणारी सासू, आणि मार खाऊन पुन्हा कामाला लागणारी बाई ही चित्रे ज्या तीव्रतेने येतात, ती तीव्रता स्वानुभवाची असावी, असे मानण्यास मुलाखत आधार देते. बेबीताईंनी आपले दुःख अनेकवचनात ठेवून सांगितले. ‘त्या’ म्हणताना त्यांत आपणही आहोत, हे त्यांना माहीत होते आणि कदाचित वस्तीतल्या वाचणाऱ्या बायांनाही कळले असेल. कळले नसेल ते बाहेरच्या वाचकाला. वगळणारे सर्वनाम येथे लेखिकेने स्वतःसाठी आडोसा म्हणून वापरले.

आडोसा मिळाला तरी किंमत सुटत नाही. नाव नाही, तारीख नाही, एका ठरावीक रात्रीचा प्रसंग नाही, अशा स्थितीत दुःखाची रूढी होते. आणि रूढीला कोणी एक गुन्हेगार नसतो. पुस्तकातील जातीच्या अन्यायाला तोंडे आहेत: मोळी तपासणारी बाई, वेगळे बसवणारी शाळा. नवऱ्याच्या अन्यायाला मात्र एकही ओळखीचे तोंड नाही. अनेकवचनाने जे उजळले, तितकेच त्याने अंधारात ठेवले, हे पुस्तकाविषयी पूर्ण आदर बाळगूनही नोंदवावे लागते. ती मुलाखत वाचकांपुढे इंग्रजी अनुवादासोबत आली, ही गोष्टही मराठी अभ्यासकांनी मनाला लावून घेण्यासारखी आहे.

शर्मिला रेगे यांनी २००६ साली दलित स्त्रियांच्या या लेखनाकडे लॅटिन अमेरिकेतील ‘टेस्टिमोनिओ’ या साक्ष-कथनाच्या परंपरेतून पाहावे, अशी मांडणी केली. व्यक्तीच्या मुखातून समूह बोलतो, हा त्या प्रकाराचा विशेष. या मांडणीने ‘हे आत्मचरित्र म्हणून सैल आहे’ या आक्षेपातली हवा काढून घेतली, हे तिचे मोठे ऋण आहे. पण साक्ष द्यायची ती न्यायासनासमोर, म्हणजे कोणातरी बाहेरच्यासमोर. ‘जिणं आमुचं’मधील शेवटची झोड ज्यांच्यावर आहे, ते बाहेरचे नाहीत. शिवाय साक्षीदाराने काय सांगितले नाही, याचा विचार त्या चौकटीत कमी होतो, आणि या पुस्तकात न सांगितलेल्याचे वजन मोठे आहे.

अनुवादाच्या शीर्षकाचाही येथे उल्लेख करणे योग्य ठरेल. इंग्रजी शीर्षकाचा आशय ‘आम्ही फोडलेले तुरुंग’ असा आहे. अनुवाद मोलाचा आहे आणि त्याने हे पुस्तक देशापरदेशातील वर्गांत पोचवले. परंतु ‘जिणं’ या अविरत चालणाऱ्या, रीतिभूतकाळाच्या शब्दाच्या जागी तेथे ‘फोडले’ हे पूर्ण झालेले, विजयाचे क्रियापद आले. ‘आमुचं’मधील कुंपणही इंग्रजीत आपोआप गळाले. मूळ पुस्तकाच्या शेवटी असलेली निराशा लक्षात घेता, सगळे तुरुंग फुटले असे बेबीताई म्हणाल्या असत्या काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

‘माज्या’ आणि ‘आयदान’

१९८६ या एकाच वर्षी दुसरे एक पुस्तक ग्रंथरूपाने आले: शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. तेही अगोदर मासिकातून वाचकांपुढे आले होते, आणि पुढे ‘नाजुका’ या नावाने दूरदर्शनवर पोचले. शीर्षकातच ‘माज्या’ आहे, तेही बोलीच्या उच्चारासह. महार समाजातली शिक्षिका म्हणून उभी राहिलेली नाजा आपली गोष्ट एका सरळ रेषेत सांगते, आणि पतीने दुसरे लग्न केल्यावर तिने घेतलेला निर्णय प्रसंग म्हणून सांगते, प्रथा म्हणून नाही. दोन्ही लेखिकांची पिढी जवळपास एक, समाज एक, वर्ष एक. तरीही एकीने ‘आमुचं’ निवडले आणि दुसरीने ‘माज्या’. ‘दलित स्त्रीचे आत्मकथन’ असा एकच खण करून दोन्ही पुस्तके त्यात टाकणाऱ्या अभ्यासक्रमांना हा भेद सहसा दिसत नाही. पगार मिळवणाऱ्या शिक्षिकेला एकवचन थोडे लवकर परवडले आणि दुकानाच्या गल्ल्यामागे लपून लिहिणाऱ्या बाईला ते परवडले नाही, असा तर्क येथे करता येईल. अर्थात तर्कच.

उर्मिला पवार यांच्या लेखनात ही दोन सर्वनामे समोरासमोर येतात. १९८९ साली त्यांनी मीनाक्षी मून यांच्यासह ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांच्या आठवणी टिपून केलेले हे काम. त्यातील ‘आम्हीही’चा ‘ही’ चळवळीच्या पुरुषलिखित इतिहासाला उद्देशून आहे. म्हणजे बेबीताईंच्या ‘आम्ही’ला बाहेरून पडलेल्या कुंपणाबरोबरच आतूनही एक रेघ आता ओढली गेली. त्यानंतर चौदा वर्षांनी, २००३ मध्ये, ‘आयदान’ आले. बांबूची सुपे, टोपल्या विणणारी कोकणातली आई आणि शब्द विणणारी मुलगी असा धागा त्यात आहे. त्या विणीत रत्नागिरीकडच्या वस्तीचे ‘आम्ही’ आहे, आणि शिकू पाहणाऱ्या, लिहू पाहणाऱ्या पत्नीला नवऱ्याकडून झालेल्या अडवणुकीचे ‘मी’ही आहे. बेबीताईंनी पुस्तकाबाहेर, मुलाखतीत ठेवलेली गोष्ट उर्मिलाताईंनी पुस्तकात आणली. ‘आयदान’चाही इंग्रजी अनुवाद माया पंडित यांनीच केला आणि तोही २००८ मध्येच निघाला. त्यामुळे इंग्रजी वाचकाला बेबीताईंची मुलाखत आणि उर्मिलाताईंचे निवेदन एकाच वर्षी, जवळजवळ शेजारी ठेवून वाचता आले. मराठी वाचकाच्या हाती ही दोन पुस्तके सतरा वर्षांच्या अंतराने आली, आणि पहिल्या पुस्तकाचे मौन दुसऱ्यातील बोलण्याला लावून वाचण्याचे काम त्याला स्वतःच करावे लागते.